इंग्रजी साहित्य आणि लेखन शिकायला अमेरिकेतलं छोटं कॉलेज? माहिती हवी, विरोधही चालेल

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

लेक यंदा बारावीला आहे, आर्ट्सला. (दहावीला गणितात उत्तम मार्क असताना आर्ट्स का, यावरचं महाभारत घरी होऊन गेलंय. इथे पुन्हा नको.) तिला इंग्रजी साहित्य आणि लेखन शिकायचंय. इथपर्यंत माझी तयारी होती. पण बाईंनी यादी आणली ती अमेरिकेतल्या अशा कॉलेजांची, ज्यांची नावं आमच्या गोतावळ्यात कुणी ऐकलेली नाहीत. कार्लटन, केन्यन, ग्रिनेल. एक मिनेसोटात, एक ओहायोत, एक आयोवात. सगळी लहान गावांत, आणि विद्यार्थी सगळे मिळून दीड-दोन हजार. नाशिकच्या एकेका ज्युनियर कॉलेजात याहून जास्त मुलं असतात.

नवरोबांचं म्हणणं, इंग्रजी शिकायला लंडनला गेलेलं समजू शकतो, मक्याच्या शेतात कशाला? सासूबाई म्हणतात, इंग्रजी तर तिला येतंच की. मला हे दोन्ही प्रश्न वाटतात तेवढे खुळे वाटत नाहीत.

तर विचारायचंय असं, की तिथे इंग्रजीच्या वर्गात नेमकं चालतं काय? लेखन 'शिकवतात' म्हणजे काय करतात? पैसे किती लागतात, मदत मिळते का? आणि पुढे पोटापाण्याचं काय? 'इंजिनियरिंगला घाला' हा सल्ला भरपूर मिळालाय, त्याचा साठा आहे.

ढगफुटी
राग मानू नका, पण तीन-साडेतीन कोटींच्या घरात खर्च करून मुलगी कविता वाचायला पाठवायची, हे मला झेपत नाही. इंग्रजी इथेही शिकता येतं. पुस्तकं तीच असतात.

मिनेसोटाकर
रानजाई, मी मिनिआपोलिसच्या दक्षिणेला राहतो. कार्लटन ज्या नॉर्थफील्डमध्ये आहे ते आमच्यापासून गाडीने पाऊण तासावर. मी तिथे शिकलेलो नाही, पण येणंजाणं आहे, म्हणून चार गोष्टी.

गाव वीसेक हजार वस्तीचं. गावाचं घोषवाक्यच 'गाई, कॉलेजं आणि समाधान' असं आहे. गंमत नाही, खरंच आहे. नदीकाठी सीरियल बनवणारा कारखाना आहे, वारा फिरला की गावभर गोडसर भाजका वास. नदीच्या दोन बाजूंना दोन कॉलेजं, कार्लटन आणि सेंट ओलाफ. १८७६ साली दरोडेखोर जेसी जेम्सच्या टोळीने इथली बँक लुटायचा प्रयत्न केला आणि गावकऱ्यांनी त्यांना पिटाळलं, त्याचा दर सप्टेंबरात उत्सव असतो. मनोरंजनाचा विषय इथे संपला. तुमच्या मिस्टरांचं मक्याच्या शेताबद्दलचं म्हणणं भौगोलिकदृष्ट्या बरोबर आहे.

पण कार्लटनचं नाव आपल्या लोकांनी ऐकलेलं नाही असं म्हणू नका हो. गेल ऑम्वेट कुठल्या? कार्लटनच्या. तिथून पदवी घेऊन पुढे बर्कलीला गेल्या, महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी केली आणि कासेगावला येऊन राहिल्या त्या शेवटपर्यंत. आणि एलिनॉर झेलिएट, ज्यांनी आंबेडकरी चळवळीवर अमेरिकेत सगळ्यात आधी गंभीर काम केलं त्यांच्यापैकी एक, त्या याच कॉलेजात १९६९ ते १९९७ इतिहास शिकवत होत्या. मिडवेस्टमधल्या अशा कॉलेजांचा मिळून पुण्यात एक अभ्यासक्रम कित्येक वर्षं चालायचा. मुलं पुणेकरांच्या घरी राहायची, मराठी शिकायची. पुण्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, सदाशिव पेठेत 'मला पोहे आवडतात' म्हणत फिरणारी गोरी मुलं.

थंडीबद्दल वेगळं लिहीन. उणे वीस नेहमीचं.

पाटीपेन्सिल
@मिनेसोटाकर, ऑम्वेटबाईंचं कॉलेज माहीत नव्हतं, धन्यवाद.

तळटीप
मी अशाच एका कॉलेजातून इंग्रजी केलं. नाव देत नाही, कारण पुढे दोन-तीन बोचऱ्या गोष्टी लिहिणार आहे आणि तिथे मराठी माणसं इतकी थोडी की लगेच ओळखू येईन.

सगळ्यात आधी एक खुलासा. आपल्याकडे 'इंग्रजीला ॲडमिशन मिळाली' म्हणतात तसं तिथे नसतं. ॲडमिशन कॉलेजात मिळते. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवायचा. तोवर आणि नंतरही विज्ञान, समाजशास्त्र, एखादी परकी भाषा, आकडेमोडीचा एखादा विषय हे सगळं थोडंथोडं घ्यावंच लागतं. गणित सुटलं असं लेकीला वाटत असेल तर आत्ताच सांगा. माझ्याबरोबर इंग्रजी केलेल्यांपैकी एकजण भूगर्भशास्त्रात गेली, कारण पहिल्या वर्षी सक्तीने घेतलेला दगडांचा कोर्स तिला आवडला.

आता वर्ग. पंधरा-सोळा जण, एक लांबट टेबल. डायस नाही. पहिल्या दिवशी मी सर यायची वाट बघत होते आणि टेबलाच्या कोपऱ्यात कॉफी पीत बसलेला स्वेटरवाला माणूस हाच सर होता. लेक्चर असं फारसं होतच नाही. आदल्या रात्री साठ-सत्तर पानं वाचून यायचं आणि बोलायचं. न वाचता गेलात तर सोळा जणांत लपायला जागा नसते. न बोलता बसलात तर तेही दिसतं आणि बोलण्याला मार्क असतात. आपल्याकडच्या मुलांना हे जड जातं. आपण उत्तर पक्कं झाल्याशिवाय हात वर करत नाही. तिथली मुलं हात वर करून मग विचार करायला लागतात. दोन्हींत दोष आहेत, पण मार्क त्यांना मिळतात.

आणि मुख्य म्हणजे निबंध. माझा पहिला पेपर परत आला तेव्हा त्यावर ग्रेडच नव्हती, समासात फक्त पेन्सिल होती. मी सुरुवात केली होती की शतकानुशतकं निसर्गाला कवीचा गुरू मानलं गेलं आहे. शेजारी लिहिलेलं, 'कुणी मानलं?' पुढे मी म्हटलं होतं, ही कविता वाचकाच्या हृदयाला भिडते. शेजारी, 'कुठल्या ओळीत?' त्याच्या खाली एका परिच्छेदाला कंस घालून, 'हे तू कवितेत वाचलंस, की कवितेबद्दल वाचलंस?' शेवटी फक्त 'गुरुवारी ये'. गुरुवारी चाळीस मिनिटं आम्ही दोघं माझ्या पहिल्या पानावर बसलो. दुसऱ्या पानावर गेलोच नाही. बारावीपर्यंत मी इंग्रजीत कायम पहिली होते. माझं एक पान चाळीस मिनिटं कुणी वाचावं असं तोवर कधी घडलं नव्हतं. घरीही नाही.

ढगफुटी, पुस्तकं तीच असतात हे अगदी मान्य. पैसे त्या चाळीस मिनिटांचे आहेत. ते वसूल होतात का, हा रास्त प्रश्न आहे आणि त्याचं माझं उत्तर दर वर्षी बदलतं.

सुगरण_पक्षी
तळटीप, काय लिहिलंयस! +१

हिशेबनीस
वाचनखूण साठवली. पैशांवर रात्री लिहितो.

पाटीपेन्सिल
तळटीप यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी दक्षिण महाराष्ट्रात एका तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो.

वरच्या यादीत केन्यनचं नाव आहे. एम.ए.ला आम्ही 'न्यू क्रिटिसिझमवर टीप लिहा' असा प्रश्न काढतो. मुलं गाईडमधून पाठ करतात की जॉन क्रो रॅन्सम, १९४१चं पुस्तक, चार वैशिष्ट्यं. पाचापैकी चार गुण. आता हे रॅन्सम कुठे शिकवत होते? याच केन्यनला. १९३७ साली व्हँडरबिल्ट सोडून ओहायोतल्या गॅम्बियर नावाच्या खेड्यात आले आणि १९३९मध्ये 'केन्यन रिव्ह्यू' सुरू केलं. त्यांच्यामागोमाग हार्वर्ड सोडून कवी रॉबर्ट लॉवेल तिथे विद्यार्थी म्हणून आला. कवी रँडल जॅरेल तिथे तरुण शिक्षक होता. पुढे काही वर्षांनी कादंबरीकार ई. एल. डॉक्टरो आणि कवी जेम्स राइट हेही तिथलेच विद्यार्थी, दोघं १९५२चे पदवीधर. त्या काळात कॉलेज काही शे मुलांचं होतं.

म्हणजे आम्ही जिला 'सिद्धान्त' म्हणून पाठ करून घेतो ती मुळात वर्गात करायची एक गोष्ट होती. कविता मध्ये ठेवायची, कवीचं चरित्र, जन्मसाल, 'कवीला काय सांगायचे आहे' हे सगळं बाजूला, आणि ओळीओळीवर बोलायचं. पाठांतरावर उतारा म्हणून जी पद्धत पुढे आली तिचंच आम्ही पाठांतर करून घेतो. हे वर्षानुवर्षं करताना माझ्या मनात येतं आणि मी पुढचा गठ्ठा तपासायला घेतो.

पण यात आमच्या शिक्षकांची अक्कल काढू नये. माझ्या एफ.वाय.च्या वर्गात पटावर नव्वद मुलं आहेत. नव्वद निबंधांच्या समासात 'कुणी मानलं?' लिहायचं ठरवलं तर दिवाळीची सुट्टी त्यातच जाईल. आणि लिहिलं तरी पेपर काढणारा विद्यापीठात बसलेला, तपासणारा तिसरीकडे. ज्याने शिकवलं त्यानेच वाचायचं, त्यानेच गुण द्यायचे, ही मोकळीक त्या छोट्या कॉलेजांना आहे.

एक टीकाही नोंदवतो. ओळीओळीवर बोलायच्या त्या पद्धतीचं अति कौतुक नको. इतिहास आणि कवीचं जगणं बाजूला ठेवून दलित कविता वाचून दाखवा, अर्धी उरेल. अमेरिकेतही साठ-सत्तरच्या दशकांपासून यावर भरपूर भांडणं झाली आणि आजचे इंग्रजी विभाग त्याच एका पद्धतीवर बसलेले नाहीत.

रानजाई
किती मनापासून लिहिताय सगळे. लेकीला शेजारी बसवून वाचून दाखवलं. 'हे तू कवितेत वाचलंस की कवितेबद्दल' यावर ती जी गप्प झाली ती अजून गप्पच आहे.

तळटीप, लेखनाच्या वर्गाबद्दल पण सांगा ना. गोष्ट लिहायला शिकवता येते?

तळटीप
गोष्ट सुचायला शिकवता येत नाही. सुचलेली नीट बघायला शिकवता येतं.

वर्कशॉप म्हणजे असं. बारा जण. दर आठवड्याला दोघा-तिघांच्या गोष्टी आधीच सगळ्यांना वाटलेल्या. बाकीच्यांनी वाचून, समासात लिहून, शिवाय लेखकाला पानभर पत्र लिहून आणायचं. मग वर्गात चर्चा, आणि ती चालू असताना ज्याची गोष्ट त्याने तोंड उघडायचं नाही. हा आमच्या वर्गाचा नियम होता. हल्ली पुष्कळ ठिकाणी तो सैल केलाय, लेखकाला मध्ये प्रश्न विचारू देतात. माझ्या मते ते बरं केलं. पण गप्प बसण्यात एक शिक्षण होतं. आपण पानावर न लिहिलेलं डोक्यात किती ठेवलंय, ते त्या अर्ध्या तासात कळतं. 'अहो, ती त्याची बहीण आहे!' असं ओरडावंसं वाटतं आणि ओरडता येत नाही. घरी येऊन बघावं तर बहीण असल्याचं कुठेच लिहिलेलं नसतं.

आता बोचरी गोष्ट. मी स्वारगेट स्टँडवरची एक गोष्ट लिहिली. रात्रीची शेवटची गाडी चुकलेली बाई, कंट्रोलरची खिडकी, पुकारा, फलाटावर झोपलेली माणसं. वर्गाला प्रचंड आवडली. तपशील काय, वास काय, रंग काय! बारापैकी एकालाही गोष्टीत एकही दोष सापडला नाही. मी हवेत. शेवटी बाईंनी विचारलं, 'ही गोष्ट ओहायोच्या बस स्टँडवर घडली असती तर मधली चार पानं तुम्ही वाचली असती का?' कुणी बोलेना. त्या चार पानांत काहीच घडत नव्हतं. पण परकं होतं म्हणून सगळ्यांनी सभ्यपणे कौतुक केलं होतं.

लेकीला हे नक्की सांगा. तिथे तिच्यावर कुणी क्रूर टीका करेल ही भीती नको, भीती उलट्या बाजूने आहे. अशा कॉलेजांतली मुलं चांगल्या घरची, जपून बोलणारी असतात. भारतातून आलेल्या मुलीच्या लेखनाला नावं ठेवायला ती घाबरतात. आजी, लोणचं, पाऊस एवढं घातलं तरी चार वर्षं कौतुक मिळत राहील आणि लेखन होतं तिथेच राहील. तशी दोघं-तिघं मी पाहिली. त्यावर उपाय म्हणजे कौतुक न करणारा एक शिक्षक शोधणं आणि त्यालाच चिकटणं.

शिवाय रायटिंग सेंटर म्हणून असतं. तिथले ट्यूटर विद्यार्थीच, पगारी. ते तुमच्या कागदाला पेन लावत नाहीत. तुम्हालाच मोठ्याने वाचायला लावतात. जिथे जीभ अडखळते तिथे बहुतेक वाक्यात काहीतरी बिघडलेलं असतं. पुढे मीही ते काम केलं. ताशी पैसे फार नव्हते पण हिवाळ्यात खोली उबदार होती.

शेवगा
वर्कशॉपमध्ये जाऊन लेखक होता आलं असतं तर... हलके घ्या.

तळटीप
@शेवगा, मी लेखक झालेले नाहीच. एका हॉस्पिटलसाठी देणगीदारांना पाठवायचे प्रस्ताव लिहिते. 'कुणी मानलं?' तिथे रोज उपयोगी पडतं.

हिशेबनीस
पैसे. माझ्या पुतण्याच्या वेळी हे सगळं खणून झालंय. त्याचा विषय वेगळा होता, प्रक्रिया हीच.

फी, राहणं, जेवण धरून या कॉलेजांचा छापील आकडा आता वर्षाला ऐंशी ते नव्वद हजार डॉलरच्या आसपास किंवा वर आहे. पण हा आकडा सगळे भरत नाहीत. श्रीमंत कॉलेजं कुटुंबाची ऐपत बघून उरलेली रक्कम स्वतःच्या निधीतून देतात. त्यासाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरावा लागतो. आयटी रिटर्न, घर, शेती, एफडी, सगळं विचारतात. नवरोबांना आधीच मानसिक तयारी करायला सांगा.

आता बारकावा. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत दोन प्रकारची कॉलेजं असतात. एक, प्रवेश देताना ऐपत बघतच नाहीत आणि मग लागेल तेवढी मदत देतात. यात छोटी कॉलेजं अगदी मोजकी, ॲमहर्स्ट आणि बोडन त्यांतली. दोन, ज्यांना घेतात त्यांची गरज पूर्ण भागवतात, पण घ्यायचं की नाही हे ठरवताना तुम्ही किती मदत मागताय हेही बघतात. तुमच्या यादीतलं कार्लटन या दुसऱ्या प्रकारातलं. म्हणजे जास्त मदत मागितली तर प्रवेश अवघड, मिळाला तर मदत भक्कम. प्रत्येक कॉलेजाच्या साइटवर परदेशी विद्यार्थ्यांचं पान वेगळं असतं, तेच वाचा. अमेरिकन मुलांचे नियम वाचून हुरळू नका.

कॉलेजाची तब्येतही बघा. तिकडे छोटी कॉलेजं बंद पडतायत. व्हरमाँटचं मार्लबरो २०२०मध्ये गेलं, न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज २०२४मध्ये, त्याच वर्षी गॉडार्डही. मुलं कमी, निधी तुटपुंजा. दुसऱ्या टोकाला ग्रिनेल. आयोवातल्या त्या गावात कॉलेजाचा निधी दोन अब्ज डॉलरच्या वर आहे, वॉरन बफे त्यांच्या विश्वस्त मंडळावर होते त्याचा तो प्रताप. त्यामुळे 'छोटं' एवढ्यावर जाऊ नका, छोटं आणि सधन असं बघा.

व्हिसा: एफ-१वर कॅम्पसवरच काम, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे तिथे नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वर आणखी २४ महिने मिळतात, इंग्रजीला नाही. यातच सगळं आलं. नियम बदलत असतात, अर्ज करताना पुन्हा तपासा.

ढगफुटी
हिशेबनीस, हेच म्हणत होतो. बारा महिन्यांत इंग्रजीवाल्याला कोण एच-१बी (नोकरीचा व्हिसा) करून देणार? मग परत यायचं. परतच यायचं तर इथेच का नाही? सोनिपतचं अशोका आहे, पुण्यात लवळ्याला फ्लेम आहे. छोटे वर्ग, चर्चा, निबंध, सगळं तिथेही आहे म्हणतात.

सुगरण_पक्षी
माझी भाची अशोकाला आहे, इंग्रजी आणि क्रिएटिव्ह रायटिंग. खूश आहे. निबंध भरपूर, शिक्षक बरेचसे बाहेर शिकवून आलेले. फीही इथल्या मानाने भरपूर हं, पण तिथेही ऐपतीनुसार मदत मिळते. आणि सणाला घरी येता येतं. मला विचाराल तर दोन्हीकडे अर्ज करावा.

पाटीपेन्सिल
ढगफुटी यांचा मुद्दा वजनदार आहे. एकच भर. अशोका किंवा फ्लेममध्ये जी मुलं असतात ती साधारण एकाच प्रकारच्या शाळांतून आलेली. तसं अमेरिकेतल्या त्या कॉलेजांतही असतंच म्हणा. हे लिहिता लिहिता माझाच मुद्दा गळाला.

तळटीप
ढगफुटी, मी परतच आले. ओपीटी संपली, कंपनीने हात वर केले, विमानात बसले. तेव्हा वाईट वाटलं होतं, आता नाही. माझ्या बॅचची इंग्रजीवाली मुलं कुठे आहेत? वकिली, शाळेत शिक्षक, एक ग्रंथपाल, दोन जाहिरातीत, एक सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअल लिहिते आणि आमच्यात सगळ्यात जास्त तिलाच मिळतात. कादंबरी एकाची आली. खपली नाही, पण चांगली आहे.

म्हणून रानजाई, माझं मत थोडक्यात. मदतीसकट आकडा कर्ज न काढता झेपत असेल तर पाठवा. पन्नास लाखांचं कर्ज काढून इंग्रजीला पाठवू नका. तळमळीने सांगतेय. कर्ज डोक्यावर असलं की पहिल्या वर्षापासून मुलगी 'उपयोगाचे' विषय शोधायला लागते, मग ती चाळीस मिनिटं वायाच.

मिनेसोटाकर
थंडीबद्दल कबूल केलं होतं. जॅकेट इथेच घ्यावं, भारतातून आणलेलं चालत नाही. नोव्हेंबर ते मार्च पांढरं. त्रास थंडीचा कमी, साडेचारला अंधार पडतो त्याचा जास्त.

सुट्ट्यांचं बघून ठेवा. कार्लटनला दहा-दहा आठवड्यांची तीन सत्रं असतात, एका सत्रात साधारण तीनच विषय. दहा आठवडे म्हणजे धाप लागते. पहिलं सत्र थँक्सगिव्हिंगच्या आधी संपतं आणि मग जानेवारीपर्यंत जवळजवळ सहा आठवडे सुट्टी. अमेरिकन मुलं घरी जातात. आपल्या मुलीने तेव्हा कुठे राहायचं, तिकिटाचे पैसे कुणाचे, हे आधी विचारा. इकडची मराठी मंडळी बोलावतात, आम्हीही बोलावतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

चांगलंही सांगतो. कॅम्पसला लागून डेसी मोझेस यांचं घर आहे. बाई गेल्या, घर कॉलेजाला देऊन गेल्या. मुलांनी केव्हाही जावं, ओट्यावर पीठ, साखर, लोणी असतंच, बिस्किटं भाजावीत. दुसऱ्यांसाठी थोडी ठेवून भांडी घासून यावं. एवढाच नियम.

आणि तुमच्या लेकीच्या विषयाचं: तिथे पहिल्याच सत्रात प्रत्येकाला लेखनावर भर असलेला एक छोटा सेमिनार घ्यावा लागतो, भौतिकशास्त्रवाल्यालाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वेगवेगळ्या विभागांत लिहिलेले निवडक पेपर एकत्र करून पोर्टफोलिओ द्यायचा, तो प्राध्यापक वाचतात. शेवटच्या वर्षी मुख्य विषयात मोठं काम, त्याला मुलं 'कॉम्प्स' म्हणतात आणि त्या नावाने घाबरतात.

शेवगा
अवांतर: मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजात 'ट्युटोरियल' प्रकार आहे. एक प्राध्यापक, दोनच विद्यार्थी. एका आठवड्यात एकाने निबंध लिहायचा, दुसऱ्याने त्यावर टीका आणायची, पुढच्या आठवड्यात उलट. प्राध्यापक बहुतेक वेळ ऐकतो. तळटीपना हेवा वाटेल.

तळटीप
वाटला.

रानजाई
सगळ्यांचे आभार. काल रात्री तिघं बसलो, म्हणजे चौघं, सासूबाईही होत्या. आकड्यांचा फॉर्म नवरोबांनी उघडला आणि 'शेतजमिनीची सध्याची किंमत' या रकान्यापाशी चहा मागितला.

लेकीने यादीत ॲमहर्स्ट घातलं, अशोकाही घातलं. ग्रिनेल ठेवलं. केन्यनवर पाटीपेन्सिल सरांमुळे तिचा जीव जडलाय, त्यामुळे तेही आहेच. मी एवढंच म्हटलंय की आईबाप कर्ज काढणार नाहीत, बाकी तू बघ.

आता दोन शंका. एक, 'अर्ली डिसिजन'ने अर्ज केला तर संधी वाढते म्हणतात, करावा का? दोन, कॉमन ॲपचा (अनेक कॉलेजांना एकच चालणारा अर्ज) तो ६५० शब्दांचा निबंध. आमच्या ओळखीतले एक काका इंग्रजीचे क्लास घेतात, ते तपासून देतो म्हणतायत.

हिशेबनीस
अर्ली डिसिजन बांधून घेतं. नोव्हेंबरात अर्ज, डिसेंबरात उत्तर, आणि घेतलं तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदत खरोखरच पुरेशी नसेल तर नाही म्हणता येतं, पण चार कॉलेजांचे देकार शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. तुमच्यासारख्यांनी एकाच कॉलेजावर जीव असेल आणि त्यांच्या साइटवरच्या खर्चाच्या कॅल्क्युलेटरने येणारा आकडा झेपत असेल तरच करावा. ते कॅल्क्युलेटर सगळीकडे परदेशी मुलांसाठी चालत नाहीत, तेही बघा. नाहीतर जानेवारीचा नेहमीचा अर्ज बरा.

तळटीप
काकांना देऊ नका. काका चांगलेच असतील. पण ते वाक्यं गुळगुळीत करतील, 'शतकानुशतके' घालतील आणि वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळेल की हे अठरा वर्षांच्या मुलीने लिहिलेलं नाही. स्पेलिंग कुणीही तपासा, वाक्यांना हात लावू देऊ नका. तिला म्हणावं मोठ्याने वाच, सासूबाईंसमोर वाच, त्यांना इंग्रजी येत नसेल तरी चालेल. मग मला पाठव. विपू (विचारपूस) उघडी आहे. मी दुरुस्त करणार नाही, फक्त समासात लिहीन.